जुनी व्हॅन वार्षिक तपासणीला नेण्यापूर्वी काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

सरकता_दरवाजा

नमस्कार. माझ्याकडे सुमारे पंधरा वर्षांची डिझेल मालवाहू व्हॅन आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पाट्यांचे सस्पेन्शन अशी तिची रचना असून तिच्या वार्षिक तपासणीला अजून महिनाभराहून थोडा अधिक अवकाश आहे. गाडी रोज चालते आणि बंद पडत नाही, तरी काही गोष्टी मला खटकत आहेत. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो, जोरात ब्रेक दाबल्यास गाडी किंचित एका बाजूला जाते, चढावर काळा धूर दिसतो, सरकत्या दरवाजाच्या खालच्या पट्टीला गंजाचे फुगे आले आहेत आणि मागचा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेललॅम्प मंद लुकलुकतो.

साधी हत्यारे, जॅक आणि स्टँड माझ्याकडे आहेत आणि किरकोळ कामे मी स्वतः करतो. माझा प्रश्न क्रमाविषयी आहे. आधी गाडी गॅरेजला देऊन सरसकट सर्व्हिसिंग करून घ्यावे, की आधी स्वतः तपासून नेमकी कामे सांगावीत? शिवाय तपासणीपूर्वी गाडी खालून धुऊन अंडरकोटिंग मारून घ्यावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो कितपत योग्य आहे?

पाना_सतरा

आधी स्वतः तपासावे आणि मगच गॅरेजला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हिसिंगमध्ये तेल, फिल्टर आणि ग्रीस बदलले जाते, तर तपासणीत गाडी थांबते का, सरळ चालते का, तिचा सांगाडा शाबूत आहे का आणि ती किती धूर सोडते, हे पाहिले जाते. दोन्हींचा फार थोडा भाग एकमेकांवर येतो. तुम्ही दिलेल्या लक्षणांपैकी ब्रेक आणि गंज यांना वेळ लागतो, कारण भाग मागवावे लागतात आणि पत्र्याच्या कारागिराची वेळ घ्यावी लागते. दिवे, वायपर, हॉर्न ही कामे शेवटच्या आठवड्यात करता येतात. बहुतेक लोक नेमके उलट करतात, कारण दिवे दिसतात आणि ब्रेक पाइप दिसत नाही.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तपासणीच्या रोलरवर (चाके फिरवून ब्रेक मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर वेगवेगळा मोजला जातो. त्यामुळे गाडी रस्त्यावर ठीक थांबते, हा पुरावा तेथे पुरेसा ठरत नाही. एकूण जोराबरोबरच एकाच आसावरील डाव्या आणि उजव्या चाकांमधील फरकही पाहिला जातो, आणि अनेक देशांच्या नियमांत कमी जोराचे चाक दुसऱ्या चाकाच्या ७० टक्क्यांखाली गेले, तर तो गंभीर दोष धरला जातो. तुमची गाडी एका बाजूला ओढते, याचा अर्थ हा फरक पुढच्या आसावर असण्याची शक्यता मोठी आहे. चाके काढून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना हाताने हलतात का, ते पाहा. त्या कोरड्या पडून अडकल्या असतील, तर आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी झिजलेला दिसेल. पिस्टन जोर लावूनही आत जात नसेल, तर त्या कॅलिपरची दुरुस्ती किंवा बदल करावा लागेल. पॅड मात्र नेहमी आसाच्या दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. रबरी होज वाकवून पाहा. त्याच्यावर भेगा दिसल्या किंवा ब्रेक दाबताना तो फुगला, तर तो बदलावा. धातूच्या पाइपांना क्लिपच्या आत गंज धरतो, म्हणून क्लिप सैल करून खालचा भाग पाहिल्याशिवाय पाइप चांगला आहे असे मानू नये.

हँडब्रेक जास्त वर येतो म्हणून थेट केबल ताणणे, ही सर्रास होणारी चूक आहे. ड्रममधील शू (ड्रमला आतून घासणारे, लायनर लावलेले चाप) झिजल्यावर त्यांना ड्रमजवळ आणण्याचे काम आतला स्वयंचलित अॅडजस्टर करतो. केबल आधीच ताणून ठेवली, तर शू आपल्या मूळ जागी परतत नाहीत आणि अॅडजस्टरचे काम थांबते. म्हणून आधी केबल सैल करावी, ड्रम काढून अॅडजस्टरची दातेरी चकती साफ करून फिरती करावी, चाक हाताने फिरवताना हलका घासल्याचा आवाज येईपर्यंत शू बाहेर आणावेत, पायाचा ब्रेक काही वेळा दाबावा आणि सर्वांत शेवटी केबल जुळवावी. ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने बसवून काढावी.

व्हॅनच्या बाबतीत आणखी एक भाग आहे आणि कारच्या सवयीने पाहणाऱ्याचे त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. अनेक मालवाहू व्हॅनच्या चेसिसवर, मागच्या आसाच्या वर, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो आणि एका दांड्याने किंवा स्प्रिंगने तो आसाला जोडलेला असतो. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असताना मागची चाके लॉक होऊ नयेत, म्हणून हा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. चिखल आणि गंज यांमुळे दांड्याचा सांधा अडकला की भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्धवटच लागतात. तुम्ही नंतर कधी पाट्यांची जाडी किंवा संख्या वाढवलीत, तर गाडी कमी खाली बसेल आणि सांधा मोकळा असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटेल. सांधा साफ करून मोकळा करा, परंतु रोलरवर आकडा चांगला यावा म्हणून दांडा तारेने वर बांधून ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होतील आणि गाडी आडवी जाईल.

पत्रेवाला

अंडरकोटिंगच्या सल्ल्याविषयी लिहितो. तपासणीपूर्वी जाड काळे कोटिंग मारू नका. ताजे कोटिंग पाहिले की तपासनीस त्याच्या खाली काय आहे याचा विचार करू लागतो आणि इतर वेळी जेथे त्याने नुसता टॉर्च फिरवला असता, तेथे तो ठोकून पाहतो. धुण्याचा सल्ला मात्र उत्तम आहे. चिखल निघाल्याशिवाय तुम्हालाही काही दिसणार नाही आणि चिखलाने माखलेली गाडी काही ठिकाणी तपासायलाच घेत नाहीत.

दरवाजाच्या खालच्या पट्टीवरील फुगे म्हणजे गंज आतून बाहेर आला आहे. त्या पट्टीच्या आत सरकत्या दरवाजाचा रूळ असतो, पाणी आणि माती तेथे साचते आणि निचऱ्याची भोके बुजलेली असतात. पत्रा नुसता वरवरचा असेल आणि धारदार कडा राहिल्या नसतील, तर बहुधा कोणी अडवणार नाही. परंतु तोच गंज सांगाड्याच्या भागात शिरला असेल, तर गोष्ट वेगळी आहे. चेसिसचे उभे आडवे दांडे, पाट्यांच्या शॅकलचे आणि हँगरचे (पाट्या चेसिसला जोडणाऱ्या भागांचे) सांधे, शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकाची बैठक, स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅकची बैठक, सीट बेल्टचे नट आणि जॅक लावण्याच्या जागा एकेक करून पाहा. स्क्रूड्रायव्हर खुपसून पत्र्याला भोक पाडण्याची गरज नाही. त्याच्या मुठीने ठोकत गेल्यास शाबूत पत्र्याचा आवाज टणक येतो, गंजलेल्याचा बद्द येतो आणि पापुद्रे पडू लागतात.

सांगाड्यातील भोक पुट्टीने किंवा फायबरच्या कापडाने भरणे ही दुरुस्ती मानली जात नाही, आणि मानली जाऊही नये. गंजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, मूळ जाडीचा तुकडा सलग शिवणीने वेल्ड करावा लागतो. नुसत्या ठिपक्यांच्या वेल्डिंगवर सीट बेल्टचा जोर टिकत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी, जवळून जाणारे डिझेलचे आणि ब्रेकचे पाइप बाजूला घ्यावेत आणि आतील कापड, रबर, फोम काढून टाकावा. वेल्डिंग झाल्यावर प्रायमर आणि पातळ रंग पुरेसा आहे, शिवण उघडी दिसली पाहिजे. पोकळ भागात मेण फवारणे आणि खालून कोटिंग मारणे ही कामे जरूर करावीत, पण गाडी पास झाल्यानंतर.

धूर_आणि_धूळ

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडत आहे. म्हणून महागडे इंजेक्टर उघडण्यापूर्वी एअर फिल्टर, टर्बोपासून (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यापासून) इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची फाट, तिचे सैल क्लॅम्प आणि काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा) पाहावा. नळी फुटली असेल, तर चढावर शिट्टीसारखा किंवा फुसफुसणारा आवाज येतो आणि ताकदही कमी वाटते. निळसर धूर असता तर तेल जळत आहे असे म्हटले असते आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असता तर कूलंट किंवा न जळलेले डिझेल यांच्याकडे पाहायला सांगितले असते.

डिझेलच्या जुन्या गाडीची धूर तपासणी बहुतेक ठिकाणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये पेडल एकदम पूर्ण दाबून, इंजिन गव्हर्नरच्या (कमाल वेग रोखणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेपर्यंत फिरवून केली जाते आणि धुरातून प्रकाश किती अडतो हे मोजले जाते. हे इंजिनाला त्रासदायक असते. टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत उलटली असेल, तर तो आधी बदला आणि तेलाची पातळी नीट ठेवा. तपासणीला नेताना इंजिन पूर्ण गरम असावे, म्हणजे तेलाचे तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले असावे. कूलंटचा काटा मधोमध आला तरी तेल मागे असते, म्हणून वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये इंजिन थोडे चढे ठेवून चालवा. सतत गर्दीत रखडत चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि ती पहिल्या एक्सलरेशनला बाहेर पडते. मी टाकीत इंजेक्टर साफ करणारे द्रव्यही टाकतो आणि मला त्याचा फरक जाणवतो.

रोलरपलीकडून

मी वाहन तपासणीच्या कामात बरीच वर्षे होतो, म्हणून पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो. टाकीत टाकायच्या द्रव्याविषयी माझे मत वेगळे आहे. ज्या गाडीचा फिल्टर बदललेला आहे आणि जी गरम होऊन आलेली आहे, ती द्रव्याशिवायही पास होते. जिची नळी फाटलेली आहे, ती द्रव्य टाकूनही होत नाही. गाडी चालवून आणल्याचा फायदा द्रव्याच्या नावावर जमा होत असावा.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागत असेल, तर आदल्या दिवशी स्कॅनरने दोषांचे नोंदलेले कोड पुसून येऊ नये. कोड पुसला की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर जातात आणि जेथे हे तपासले जाते, तेथे चाचण्या अपूर्ण असल्याचे यंत्रच सांगते. एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवे चावी फिरवल्यावर लागून विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही, त्याचा बल्ब काढून ठेवला असावा, असा संशय आम्हाला पहिल्यांदा येतो.

मालवाहू व्हॅनमध्ये वारंवार आढळणारी एक गोष्ट म्हणजे आत भरलेले सामान. फळ्या, रिकामी खोकी, सुटे भाग यांमुळे सीट बेल्टच्या बैठका आणि मागचा तळ दिसत नाही. हे सामान काढून गाडी आणावी. चेसिस क्रमांकाची जागा शोधून, घासून, वाचता येईल अशी करून ठेवावी. १७ अक्षरांकांच्या या क्रमांकात इंग्रजीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे गंजलेल्या जागी वाचताना गोंधळ झाला तर ते एक किंवा शून्यच समजावे. मात्र घासताना सँडपेपरने अंक पुसट करू नयेत. पातळ तेल आणि मऊ तारेचा ब्रश पुरेसा होतो.

टायरविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून सांगतो. अनेक देशांत खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे आणि टायरच्या खाचेत तेवढ्याच उंचीचे आडवे उंचवटे दिलेले असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. व्हॅनच्या टायरची खोली शिल्लक असूनही तो वयाने संपलेला असतो, हे जास्त वेळा दिसते. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. बाजूला खोल भेगा किंवा फुगवटा असेल, तर खोली मोजण्याची गरजच उरत नाही. शिवाय व्हॅनला कारचे टायर बसवलेले असतील, तर त्यांच्यावरील भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) गाडीच्या नोंदीशी जुळतो का, ते पाहावे. केवळ माप जुळून चालत नाही.

वायरमन

लुकलुकणाऱ्या टेललॅम्पचे कारण जवळजवळ नेहमी खराब अर्थिंग असते. इंडिकेटरचा प्रवाह परतीचा मार्ग मिळत नाही म्हणून शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दिव्याच्या मागची अर्थची वायर जेथे बॉडीला बसवली आहे, तेथील बोल्ट काढून, रंग आणि गंज घासून, पुन्हा घट्ट करा आणि वर थोडे ग्रीस लावा. बल्ब बदलून हा दोष जाणार नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकलेले असतील, तर मूळ बल्ब परत बसवा, कारण एलईडीमुळे प्रकाशाच्या झोताची वरची ठरावीक कड विस्कटते. नंबरप्लेटचा दिवाही पाहून ठेवा. चालकाला तो कधीच दिसत नाही आणि म्हणून तो बंद असल्याचे तपासणीतच कळते.

सरकता_दरवाजा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने पाहायला सुरुवात केली. पुढच्या एका कॅलिपरची खालची पिन पूर्ण अडकलेली निघाली, त्यामुळे गाडी का ओढत होती हे कळले. भारानुसार दाब बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडाही गंजून जाम झाला होता, तो तेल सोडून मोकळा केला. दरवाजाच्या पट्टीखालचा सांगाडा ठोकून पाहिला, आवाज टणक येतो. मात्र मागचा एक ड्रम काढल्यावर आत, मागच्या पत्र्यावर, ओल दिसली आणि लायनरही त्या बाजूला काळपट झाले आहे. ही ओल ब्रेक ऑइलची आहे की अन्य कशाची, हे कसे ओळखावे? लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरता येईल का?

आणखी एक शंका आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले असता अगदी थोडी ढिलाई जाणवते. ती बेअरिंगची आहे की बॉल जॉइंटची (चाक वळू देणाऱ्या गोल सांध्याची)?

पाना_सतरा

लायनर धुऊन वापरू नका. द्रव त्याच्या आत मुरतो आणि गरम झाल्यावर पुन्हा पृष्ठभागावर येतो. दोन्ही बाजूंचे लायनर बदलावेत.

ओल कशाची आहे, हे ओळखणे अवघड नाही. व्हील सिलिंडरच्या (ड्रममध्ये शू बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) टोकाची रबरी टोपी हलकेच उचलून पाहा. आत ओल असेल, तर सिलिंडर गळत आहे आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळीही खाली गेलेली असेल. टोपी कोरडी असून ओल मध्यभागाकडून, म्हणजे आसाच्या बाजूने येत असेल आणि द्रव जाड, उग्र गंधकासारख्या वासाचा असेल, तर ते डिफरन्शियलचे (मागच्या आसामधील गिअरपेटीचे) तेल आहे. ही दुसरी शक्यता मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या व्हॅनमध्येच असते. तेथे आसाचे सील बदलावे लागते आणि सील का गेले हेही पाहावे लागते, कारण बेअरिंग ढिले असेल किंवा डिफरन्शियलच्या वरचे हवेचे छोटे तोंड चिखलाने बंद झाले असेल, तर नवे सीलही टिकत नाही.

सिलिंडर बदलल्यास ब्रेकमधील हवा काढताना एक काळजी घ्या. गाडी मागून उचलून आस लोंबकळत ठेवला, तर भारानुसार चालणारा तो व्हॉल्व्ह गाडी पूर्ण रिकामी आहे असे समजून मागचा मार्ग आवळून धरतो. मग मागे द्रव नीट पोहोचत नाही आणि पेडल स्पंजासारखे मऊ राहते. स्टँड चेसिसखाली न लावता आसाखाली लावा किंवा गाडी चाकांवरच उभी ठेवून हवा काढा. या निमित्ताने सगळे ब्रेक ऑइलही बदलून घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. भरलेल्या व्हॅनसह घाट उतरताना हा फरक पायाखाली जाणवतो.

चाकाच्या ढिलाईसाठी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ढिलाई नाहीशी झाली, तर ती बेअरिंगची आहे. राहिली, तर बॉल जॉइंट किंवा जुन्या रचनेत किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळते ती) पाहावी लागेल. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर येणारी ढिलाई बहुधा टायरॉड एंडची (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याची) असते, आणि तो बदलला की तपासणीपूर्वी व्हील अलाइनमेंट करावीच लागते. त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा.

रोलरपलीकडून

यात एवढीच भर घालतो की नवे लायनर बसवून थेट रोलरवर येऊ नये. ते ड्रमला पूर्ण टेकण्यासाठी गाडी काही दिवस नेहमीप्रमाणे, मध्यम ब्रेक लावत चालवावी लागते, अन्यथा हँडब्रेकचा आकडा विनाकारण कमी येतो. गाडी रिकामी आणावी की ठरावीक भार घालून, याबाबत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. तुमच्या गाडीला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे वेळ ठरवतानाच हे विचारून घ्या.